पदवीधराची नाडी

आमच्या घरात सही करता येणारे तिघे होते, पण पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., प्राणिशास्त्र, दुसरा वर्ग. त्या काळात हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायची. रॉकेलच्या रांगेतसुद्धा. त्या सवयीने एकदा माझी नोकरी जायची वेळ आली होती, तीही मिळायच्या आधीच. त्याची ही हकीकत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही इंदोऱ्याला, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहायचो. बाबा कापडाच्या गिरणीत कापसाच्या गाठी उचलायच्या कामावर होते, आणि माय घर चालवायची, म्हणजे आम्हा दोघांनाही चालवायची. शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजच्या वाचनालयात मी एका मासिकात लेख वाचला. परदेशात म्हणे माणसं सकाळी उठून नुसतीच धावतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, पोलीस भरतीही नाही. रोज थोडं धावलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, मग बाकीचा दिवसभर त्याला कमी ठोक्यांत भागवता येतं. हृदयाची आकृती मला झोपेतही काढता यायची. चार कप्पे, झडपा, निळी आणि लाल पेन्सिल. पण आकृती वहीत होती आणि हृदय माझ्याजवळ होतं. ते वापरून पाहायला काय हरकत आहे, असं मला वाटलं.

कवायतीसाठी घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट होते. पंजाबी ड्रेस होता. ओढणी कमरेला करकचून बांधली आणि निघाले. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत गेले आणि बरगडीत कळ आली म्हणून चालत परत आले. दारात माय उभी.

"कोण लागलं होतं वं मागं?"

"कोणी नाही."

"मग पळून काहून राहिली?"

"हृदयासाठी."

"हृदय काय पायात असते?"

मी तिला एका ठोक्याचं आणि रक्ताचं गणित समजावून सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. तिचं स्वतःचं शास्त्र तयार होतं. "माणसाले ठोके मोजूनच भेटतात. तू सकाळीच एवढे उडवून येतं, मग म्हातारपणी काय करशीन? माह्याजवळ मागायले येशीन?"

बाबांनी विरोध केला नाही, अट घातली. अंधारात एकटीने जायचं नाही. त्यांची सकाळपाळी सातची असायची. त्याआधी ते सायकल घेऊन माझ्यामागे येणार, मला घरी सोडणार आणि तसेच गिरणीत जाणार. त्यामुळे पुढची दोन वर्षं इंदोऱ्याच्या रस्त्यावर रोज पहाटे हे दृश्य दिसायचं: पुढे ओढणी बांधून जिवाच्या आकांताने पळणारी पोरगी, आणि मागे सायकलवर तिचा बाप.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी टेका नाक्याजवळच्या चहावाल्याने भट्टी सोडून रस्त्यात उडी मारली आणि बाबांच्या सायकलचं हँडल धरलं. "जाऊ द्या ना गा भाऊ! जवान पोरगी हाय. मारून काय भेटन? समजावून सांगा." दुसऱ्या एकाने मला अडवलं. "थांब वं पोरी, घाबरू नको. आम्ही बोलतो तुह्या बापाशी." बाबांनी त्यांना सांगितलं की ती हौसेने पळते आहे. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. शेवटी मीच धापा टाकत म्हटलं, "काका, मी बी.एस्सी. आहे." ह्याचा धावण्याशी काय संबंध होता ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्यांनी सोडलं. दुसऱ्या दिवसापासून तो चहावाला लांबूनच ओरडायचा, "आज पकडा, भाऊ, आज पकडा!" आणि बाबा घंटी वाजवायचे.

दोन वर्षांत मी कडुलिंबापासून कस्तुरचंद पार्कपर्यंत पोचले. तिथे मैदानाला फेऱ्या मारून परत. कळ यायची बंद झाली. जिना चढताना बाकीच्या मैत्रिणी कठड्याला धरून उभ्या राहायच्या, मी वर जाऊन त्यांची वाट पाहायची. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावलं तर नाडी पन्नासच्या आसपास भरायची. मासिकात लिहिलं होतं तसंच. हा माझा दुसरा मोठा अभिमान. पहिला कोणता ते सांगितलंच आहे.

मग नोकरीची निवड झाली. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा. एक जागा आणि अर्ज ढीगभर. लेखी झाली, तोंडी झाली, यादीत पहिलं नाव माझं. बाबांनी ती यादी स्वतः जाऊन पाहिली, नावावर बोट ठेवून. आता फक्त वैद्यकीय तपासणी बाकी होती. ऑफिसने ठरवून दिलेले एक डॉक्टर रामदासपेठेत होते. त्यांनी 'पात्र' लिहिलं की हातात ऑर्डर. नाही लिहिलं तर यादीतलं दुसरं नाव.

आता ह्या तपासणीला तब्येत जशी असेल तशी घेऊन जायचं असतं. कुणालाही कळेल. पण आमच्यासारख्या घरातून शिकलेल्या मुलीला तपासणी म्हटलं की परीक्षाच दिसते. परीक्षा म्हटलं की आदल्या दिवशी अभ्यास. मी मॅट्रिकपासून बी.एस्सी.पर्यंत प्रत्येक परीक्षा शेवटच्या दिवशी रात्र जागून पास केली होती. सोमवारी तपासणी होती. रविवारी पहाटे मी बाबांना म्हटलं, "आज कन्हानच्या पुलापर्यंत जाऊ."

"कन्हान?" बाबा सायकलच्या चाकात हवा भरत होते, ते थांबले. "नऊ मैल हाय वं."

"हृदयाची उजळणी करायची आहे."

"उद्या डॉक्टरच्या दवाखान्यात पळायचं हाय काय?"

पण ते आले. कामठी रोडने आम्ही निघालो. कामठी येईस्तोवर मी ऐटीत होते. कामठीच्या पुढे माझे पाय माझे राहिले नाहीत. पुलावर पोचले तेव्हा कठड्याला धरून खाली वाळूकडे पाहत धापा टाकत उभी राहिले. बाबांनी विडी पेटवली, अर्धी झाल्यावर विझवून कानावर खोचली आणि म्हणाले, "झाली काय उजळणी?" परत येताना मी सायकलच्या कॅरिअरवर होते. आणि एवढं कमी पडलं म्हणून सोमवारी सकाळी पुन्हा कस्तुरचंद पार्कच्या चार फेऱ्या मारल्या. परीक्षेच्या दिवशी सकाळी वही चाळतात ना, तशा.

डॉक्टर वयस्कर होते, पांढरा बुशशर्ट, चष्मा नाकाच्या टोकावर. कंपाउंडरने रक्त घेतलं, वजन केलं, नाडी मोजली. पुन्हा मोजली. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "एकोणपन्नास." डॉक्टरांनी स्वतः मोजली. स्टेथोस्कोप लावला, पाठीला लावला, पुन्हा पुढे लावला. मी मनात म्हटलं, बघा, बघा, असं हृदय रोज येत नसेल तुमच्याकडे.

"चक्कर येते का?"

"नाही."

"दम लागतो?"

"मुळीच नाही."

"घरी काय करतात वडील?"

"गिरणीत आहेत."

त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "तुम्ही स्वतः काही कष्टाचं काम करता का? अंगमेहनतीचं?"

मी खुर्चीत ताठ झाले. गिरणी म्हटली, इंदोरा म्हटलं, म्हणजे ही डोक्यावर घमेली वाहत असेल असं ह्यांना वाटलं की काय? मी म्हटलं, "नाही. मी पदवीधर आहे."

डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं.

गुरुवारी लिफाफा आला. तात्पुरती अपात्र. नाडीचा वेग कमी, कारण अज्ञात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. रक्तपेशी खाली बसण्याचा वेग वाढलेला. एका महिन्याने फेरतपासणी, आणि तेव्हाही असंच निघालं तर जागा पुढच्या उमेदवाराला. मी रामदासपेठेत धावत गेले नाही, रिक्षाने गेले. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं. "अंगात कुठेतरी दाह आहे. सूज म्हणा. बाहेरून दिसत नाही, पण रक्त सांगतं. एखादा छुपा ताप असेल, छातीत काही असेल. आणि कष्ट न करणाऱ्या मुलीची नाडी एकोणपन्नास म्हणजे हृदयाकडेही पाहायला हवं. महिनाभर विश्रांती घ्या."

छातीत काही, म्हणजे काय ते गिरणीच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. बाबांच्या खात्यातली दोन माणसं त्याच आजाराने गेली होती. मी घरी येऊन ते शब्द उच्चारले नाहीत. मी फक्त म्हटलं की अंगात सूज आहे.

मायने मला उजेडात उभं केलं. "कुठं हाय? दाखव." पाय दाबून पाहिले, पोट दाबून पाहिलं, जबडा चाचपला. सूज सापडली नाही, पण म्हणून ती थांबणारी नव्हती. हळद आणि चुना गरम करून तिने दोन्ही गुडघ्यांना लेप लावला. गुडघे का, तर पळतात तेच. मग बाज टाकली आणि मला तिच्यावर टाकलं. रोज शिरा, रोज दूध. पाणी भरायच्या पितळी गुंडाला हात लावू देईना. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि माय त्यांना सांगायची, "ठोके सरले वं बाई. सांगत होती मी. रोज सकाळी उधळून याची." बायका हळहळायच्या, शिरा खायच्या आणि जायच्या. इतक्या वर्षांच्या माझ्या विज्ञानाला तिने दोन आठवड्यांत चारी मुंड्या चीत केलं.

मी विनोद करते आहे, पण तेव्हा मी रात्रंदिवस यादीतल्या दुसऱ्या नावाचा विचार करत होते. तो कोण असेल, त्याची नाडी किती असेल. अठ्ठ्याहत्तर असेल, चांगली सरळमार्गी, सरकारी अठ्ठ्याहत्तर.

आणि एक गंमत रोज पहाटे व्हायची. मी बाजेवर, पण बाबा नेहमीच्या वेळेला उठायचे, सायकल काढायचे आणि जायचे. चौथ्या दिवशी मायने विचारलं, "पोट्टी तं घरी झोपली हाय. तुम्ही आता कोणाच्या मागं चालले?"

"सवय पडली," बाबा म्हणाले. "इतक्या सकाळी घरात बसवत नाही आता."

"चहावाला काय म्हणन?"

"त्यानं विचारलंच काल. म्हणे, भाऊ, सुटली काय हातची?"

तिसऱ्या आठवड्यात मी शिरा चुकवून कॉलेजच्या वाचनालयात गेले. माजी विद्यार्थिनी म्हणून आत सोडलं. शरीरक्रियेचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, जे आम्ही अभ्यासाला असताना फक्त पाहिलं होतं. तिथे बसून दुपारभर वाचलं. पांढऱ्या पेशींच्या प्रकरणात, अगदी सहज सांगावं तसं, लिहिलं होतं की जोराच्या श्रमानंतरही ह्या पेशी रक्तात वाढतात. आजार नसताना. स्नायूंवर एकदम फार ताण पडला की आत बारीक बारीक इजा होते, तिथे दाह होतो आणि दुरुस्तीचं काम सुरू होतं. विश्रांती मिळाली की आपोआप ओसरतं. मला आमची गल्लीच आठवली. कुठे भांडं जरी पडलं तरी सगळ्या बायका आधी बाहेर येतात, मग विचारतात काय झालं, आणि काही नसलं तरी लगेच घरी जात नाहीत. माझ्या पेशी कन्हानच्या पुलासाठी बाहेर पडल्या होत्या आणि डॉक्टरांनी नेमकं तेव्हाच गल्लीत डोकावून पाहिलं होतं.

पुढच्या पानावर नाडी होती. सतत श्रमाची सवय असलेल्या शरीराची नाडी संथ असते. धावणारे, पोहणारे, आणि ओझी वाहणारे मजूर. एकाच ओळीत. मी ती ओळ दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं.

संध्याकाळी बाबा ओट्यावर सायकलच्या साखळीला तेल देत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "हात द्या." त्यांनी तेलकट हात पुढे केला. घड्याळ लावून मोजलं. बावन्न. पुन्हा मोजलं. बावन्नच.

"बाबा, तुमचीही संथ आहे!"

"माहीत हाय मले."

"माहीत आहे?"

"गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडरनं मोजली होती एकदा. त्यालेही वाटलं घड्याळ बंद पडलं. मग म्हणे, गाठीवाला काय? म्हटलं, हो. म्हणे, जा मग. साऱ्या गाठीवाल्यांची अशीच निघते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू कुठं विचारलं? तू तं शिकलेली." त्यांनी साखळी फिरवून पाहिली. "पण तुह्या डॉक्टरनं विचारलं नाही काय, मेहनतीचं काम करतं काय म्हणून? आमाले तं पहिले तेच विचारतात."

मी घड्याळाची किल्ली फिरवू लागले.

"विचारलं," मी म्हटलं.

"मग?"

"नाही म्हटलं."

"काहून?"

"म्हटलं, मी पदवीधर आहे."

बाबांनी चिंधी खाली ठेवली. घरातून मायचा आवाज आला. ती चुलीपाशी होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं, नेहमीसारखं. "सांग ना वं सरळ. लाज वाटली मेहनतीची. तुह्या बापाच्या मेहनतीची."

ज्या हातांची नाडी मी मोजत होते त्यांनी तीस वर्षं गाठी उचलल्या होत्या, आणि मी खुर्चीत ताठ बसून त्या उचलण्याशी माझा काही संबंध नाही असं एका अनोळखी माणसाला सांगून आले होते. बरं, खोटंही सांगितलं होतं. रोज दीड तास घाम गाळत होते.

बाबांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते. "अवो, ऐकलं काय?" ते आत ओरडले. "आपल्या पोट्टीले कोणताच रोग नाही. पदवीच बाधली!"

माय हसली नाही. पण त्या संध्याकाळी शिरा झाला नाही. पिठलं-भाकर झाली, आणि पाण्याचे गुंड मला आणायला लावले. त्यावरून मी समजले की मी बरी आहे.

आता एक आठवडा उरला होता. मी पुन्हा धावायला लागले, पण उजळणी नाही. थोडं, रोजचं, बोलता येईल इतक्या वेगाने. चहावाल्याने पहिल्या दिवशी आम्हाला पाहून कपबशी खाली ठेवली आणि हात जोडले. "सापडली बापा!" शेवटचे तीन दिवस तेही बंद. मी ऐनवेळी कन्हान गाठीन ह्या भीतीने मायने बूट लपवले. तिने विज्ञान मान्य केलं होतं असं नाही. ती मला ओळखत होती.

फेरतपासणीला बाबा बरोबर आले. पाळी बदलून घेतली होती. ते खाली फाटकाशी सायकल धरून उभे राहिले, मी वर गेले. पुन्हा रक्त, पुन्हा वजन. कंपाउंडरने नाडी मोजली आणि ओळखीच्या आवाजात म्हणाला, "पन्नास. एक वाढली."

डॉक्टर फॉर्म उलटू लागले. ते काही विचारायच्या आधी मी म्हटलं, "साहेब, मागच्या वेळी मी एक चुकीचं सांगितलं होतं."

"काय?"

"तुम्ही विचारलं होतं, अंगमेहनत करता का. मी नाही म्हटलं. मी करते. रोज धावते, दोन वर्षं झाली. तपासणीच्या आदल्या दिवशी कन्हानपर्यंत धावले होते. आणि त्या दिवशी सकाळीही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कन्हान? कशासाठी?"

"तपासणीची तयारी म्हणून."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुम्ही प्राणिशास्त्राच्या ना?"

"हो."

"पास झालात?"

"दुसरा वर्ग."

"हं," ते म्हणाले. त्या 'हं'मध्ये विद्यापीठाविषयी बरंच काही होतं. "आणि मग नाही का म्हणालात?"

मी सांगितलं. वडील गाठी उचलतात, तुम्ही विचारलं तेव्हा मला वाटलं तुम्ही मला मजूर समजलात, ते मला लागलं. सरळ सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "मी मजूर समजून विचारलं नव्हतं. नाडी पाहून विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी सही केली असती." मग त्यांनी कंपाउंडरला जिन्याशी उभं केलं आणि मला जिना तीनदा चढ-उतार करायला लावला. नाडी चढली, आणि मी खुर्चीत बसेपर्यंत उतरायलाही लागली. कार्डिओग्राम काढला, तो निर्दोष निघाला. दुपारपर्यंत थांबवून घेऊन रक्ताचा अहवाल पाहिला. रक्तपेशी बसण्याचा वेग नेहमीसारखा होता. पांढऱ्या पेशी आपापल्या घरी गेल्या होत्या.

डॉक्टरांनी 'पात्र' लिहिलं. सही केली. शिक्का मारला. शेऱ्याच्या रकान्यात थोडा विचार करून एक शब्द लिहिला आणि कागद माझ्या हातात दिला.

पुढे कितीतरी वर्षांनी मला दुसऱ्याच एका डॉक्टरांनी सांगितलं की शरीरात कायम धुमसत राहणारा बारीक दाह रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला हळूहळू पोखरतो, आणि रोजचं बेताचं धावणं-चालणं तो कमी ठेवायला मदत करतं. एका दिवसात हावरटासारखं धावलं की उलट तो दोन दिवस भडकतो. मी त्यांना म्हटलं, हे मला कन्हानच्या पुलाने शिकवलं. ते ऐकून हसले. त्यांना वाटलं पुलाचं काहीतरी विनोदाने म्हणते आहे.

पण त्या दिवशी मी जिना उतरून फाटकाशी आले आणि कागद बाबांपुढे धरला. त्यांनी 'पात्र'वर बोट ठेवलं. मग बोट खाली सरकलं, शेऱ्यावर.

"हे काय लिहिलं हाय?"

"खेळाडू."

"खेळाडू?" त्यांनी कागद लांब धरून पाहिला. "तू काय खेळतं?"

"काहीच नाही. पण संथ नाडीचं कारण द्यावं लागतं ना, म्हणून."

"मेहनत करते, असं लिहायचं होतं."

"परत जाऊन बदलून आणू?"

मी खरंच विचारलं होतं. जिन्याकडे वळलेही होते. बाबांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात ठेवली.

"राहू दे. तुह्या साहेबाले खेळाडूच बरं वाटन. आपल्याले नोकरीशी मतलब." त्यांनी सायकल वळवली. "बस मागं."

"मी धावत येते ना. आता परवानगी आहे."

"पेढे घ्यायचे हायत. घामानं ओली पोट्टी घेऊन दुकानात जाऊ काय? बस."

मी बसले. रामदासपेठेतून निघालो, पेढे घेतले, पुढे रेल्वेच्या पुलाचा चढ लागला. नेहमी तिथे सायकलवाले उतरून ढकलत नेतात. मी उतरायला पाय खाली सोडला.

"बसून राह्य," बाबा मागे न बघता म्हणाले.

"दम लागेल तुम्हाला."

"लागू दे. मी काय पदवीधर हाय?"

आणि त्यांनी पायडल मारलं.